गुलाबी बोंडअळीचं आडनाव



या पानावर अळीचा फोटो टाकला की खाली एक वाक्य ठरलेलं असतं : "भाऊ, नाव-गाव राहू द्या, औषध सांगा." बोलणं रास्त आहे. पात्या गळायला लागल्या की कुणाला लॅटिन सुचत नाही. पण गेल्या काही वर्षांत विदर्भात कापसाचं जे झालं ते पाहता माझं मत पक्कं झालंय. औषध चुकतं ते बहुतेक वेळा नाव चुकल्यामुळे. दुकानात जाऊन नुसतं "अळी आहे" म्हटलं की दोन बाटल्या आणि वर एक टॉनिक पिशवीत पडतं. कोणती अळी, हे ना आपण सांगतो, ना समोरचा विचारतो.

म्हणून आज फवारणीचं वेळापत्रक नाही, इतिहास. गुलाबी बोंडअळी, टोमॅटोतली टुटा, बटाट्यातली अळी, ज्वारी-मक्याच्या दाण्याला भोक पाडून निघणारा बारीक पतंग, हे सगळे एका कुळातले. बोटाच्या नखाएवढ्या या पतंगांची वर्गवारी कशी लागली, कुणी लावली आणि तिच्याशी आपल्या वावराचा काय संबंध, ते सांगतो. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

नावाची शेपटी

सुरुवात स्वीडनमध्ये. कार्ल लिनियसने १७५८ साली आपल्या 'सिस्टिमा नॅचुरी' या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली. प्राण्यांना दोन शब्दी नाव द्यायची पद्धत तिथून धरतात. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा. दुसरा त्या जातीचा स्वतःचा. आपल्याकडे आडनाव शेवटी येतं, तिकडे ते आधी येतं, एवढाच फरक.

लिनियसने रात्रीच्या जवळजवळ सगळ्या पतंगांना 'फॅलिना' या एकाच मोठ्या घरात घातलं आणि घरात सात खोल्या केल्या. त्यातल्या एका खोलीचं नाव 'टिनिया'. टिनिया म्हणजे कपडे खाणारी कसर आणि तिच्यासारखे बारीक पतंग. दुसरी खोली 'टॉर्ट्रिक्स', पानं गुंडाळणाऱ्यांची. तिसरी 'पायरॅलिस'. मग त्याने एक शेतकऱ्याला शोभेल अशी व्यवहारी गोष्ट केली. गुरांच्या कानाला बिल्ला मारतात तसा प्रत्येक खोलीतल्या नावांना शेवटी एक बिल्ला मारला. टिनियातल्यांना 'एला', टॉर्ट्रिक्समधल्यांना 'आना', पायरॅलिसमधल्यांना 'अ‍ॅलिस'.

आता आपली नावं वाचा. गुलाबी बोंडअळी गॉसिपिएला. बटाट्यावरचा पतंग ऑपरक्युलेला. दाण्यातला पतंग सेरिअ‍ॅलेला. कोबीवरचा चौकटीच्या ठिपक्यांचा पतंग झायलोस्टेला. सगळीकडे 'एला'. आणि वांग्याचं शेंडं-फळ पोखरणारी अळी? ऑर्बोनॅलिस. 'अ‍ॅलिस'. म्हणजे नाव देणाऱ्याने तिला पायरॅलिसच्या गोतावळ्यात बसवलं होतं, हे शेपटीवरूनच कळतं.

ही खूण शंभर टक्के चालत नाही. सफरचंदातल्या अळीचं नाव पोमोनेला आहे, पण आज ती टॉर्ट्रिक्सच्या कुळात धरतात. लिनियसने तिला टिनियात टाकलं होतं. पुढच्यांनी तिची खोली बदलली, पण बिल्ला तसाच राहिला. कारण नियम असा आहे की पहिल्या शब्दात अभ्यासाप्रमाणे बदल होऊ शकतो, दुसरा शब्द मात्र आधी ज्याने दिला त्याचा टिकतो. शेवटच्या अक्षरांत व्याकरणापुरता फरक पडेल तेवढाच.

भडोचची अळी, लंडनचा विमावाला

आता आपल्या अळीकडे. १८४० च्या सुमाराला कंपनी सरकारला आपल्या देशी कापसाच्या आखूड धाग्याचा कंटाळा आला होता. मँचेस्टरच्या गिरण्यांना लांब धागा हवा होता. म्हणून अमेरिकेतून बी आणलं, तिथले मळेवाले बोलावले आणि मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी अमेरिकन कापूस लावून पाहिला. त्यातलं एक ठिकाण गुजरातेतलं भडोच, आजचं भरूच.

तिथल्या सरकारी कापूस मळ्याच्या देखरेखीवरच्या अधिकाऱ्याने काही बारीक पतंग लंडनला पाठवले. सोबत कळवलं, की ही अळी अमेरिकन कापसाचं फार नुकसान करते आणि बोंडात शिरून सरकी खाते. पतंग पोचले विल्यम विल्सन साँडर्स यांच्याकडे. हे गृहस्थ पेशाने विम्याच्या धंद्यातले, आवडीने कीटकांचे अभ्यासक. त्यांनी पतंगाला नाव दिलं 'डिप्रेसॅरिया गॉसिपिएला'. गॉसिपियम म्हणजे कापूस, आणि 'एला' म्हणजे टिनियाचा बिल्ला.

आज पुस्तकात ते नाव असं छापतात : पेक्टिनोफोरा गॉसिपिएला (साँडर्स, १८४४). ते कंस उगाच नाहीत. नाव देणाऱ्याचं नाव कंसात असलं तर समजायचं, की या जातीचं आडनाव नंतर बदललं. कंस नसले तर ती पहिल्या घरातच आहे. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी विद्यापीठाची घडीपत्रिका वेगळ्या नजरेने वाचता येते.

इथे एक गोष्ट मनाला लागते. या अळीची जगातली पहिली लेखी नोंद आपल्या शेजारच्या भूमीतली, आणि तीही बाहेरून आणलेल्या वाणावरच्या नुकसानीची. पावणेदोनशे वर्षं झाली. वाण बदलले, सरकारं बदलली, अळी तीच.

गाठोड्यातून जगभर

पुढची साठ-सत्तर वर्षं ही अळी फारशी चर्चेत नव्हती. मग १९०६-०७ च्या सुमाराला हिंदुस्थानातून गेलेल्या कापसातल्या सरकीतून ती इजिप्तमध्ये पोचली. इजिप्तच्या सरकीतून १९११ च्या आसपास मेक्सिकोत. मेक्सिकोची सरकी टेक्सासच्या तेलगिरणीला गेली आणि १९१७ साली टेक्सासमधल्या हर्न गावाजवळ ती वावरात सापडली. कारण साधं आहे. पूर्ण वाढलेली अळी सरकीच्या आत, कधी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून, महिनोन्‌महिने झोपून राहते. गाठोडं जाईल तिथे ती जाते. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवणाऱ्यांनी आणि जिनिंगशेजारी शेत असलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

ती जगभर पसरली तेव्हा कुठे सगळ्यांना प्रश्न पडला, की ही नक्की कोण? जुन्या कागदांत ती डिप्रेसॅरिया होती. मग गेलेकिया झाली. हिंदुस्थानातल्या आणि इजिप्तमधल्या बऱ्याच जुन्या लिखाणात ती प्लॅटीएड्रा म्हणून सापडते. १९१२ साली लंडनच्या जॉन हार्टली ड्युरंट यांनी कापसाच्या बोंडातून निघणाऱ्या बारीक पतंगांवर एक टिपण लिहिलं. त्यातून हे लक्षात आलं, की बोंडात सापडणारा प्रत्येक बारीक पतंग हा चोर नसतो. काही जण चोरी झाल्यावर घरात शिरलेले असतात. ते कसं, ते पुढे येईल.

दोन माणसं, दोन रीती

इथे दोन माणसांची ओळख करून देतो.

पहिला एडवर्ड मेयरिक. इंग्लंडमधल्या मार्लबरोच्या शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणारा मास्तर. बारीक पतंगांच्या चौदा हजारांच्या वर जातींना याने नावं दिली. १९१२ पासून १९३७ पर्यंत 'एक्झॉटिक मायक्रोलेपिडॉप्टेरा' नावाचं प्रकाशन स्वतः काढत राहिला. त्याचं हत्यार म्हणजे हातातलं भिंग. पंखातल्या शिरा, तोंडापुढच्या मिशांसारख्या स्पर्शिका, खवल्यांचा रंग यावर तो जात ठरवायचा. पोट उघडून सूक्ष्मदर्शकाखाली जननावयव बघणं त्याला मान्य नव्हतं. जे साध्या भिंगाने दिसतं तेवढं पुरेसं, असं त्याचं म्हणणं.

दुसरा ऑगस्ट बस्क. जन्माने डॅनिश, नोकरी अमेरिकेच्या शेती खात्यात. बोंडअळी अभ्यासायला तो १९१५ साली हवाई बेटांवर गेला. १९१७ मध्ये त्याने तिच्यावर सविस्तर लेख लिहिला आणि तिच्यासाठी नवी प्रजाती उभी केली : पेक्टिनोफोरा. म्हणजे फणी धारण करणारी. या पतंगाच्या शृंगिकेच्या बुडाशी ताठ केसांची बारीक फणी असते, भिंगातून दिसते. बस्क शिरांवर थांबला नाही, जननावयवही तपासू लागला. कारण दोन जातींचे पंख अगदी सारखे असू शकतात, पण नर-मादीची जोडणी कुलूप-किल्लीसारखी असते. किल्ली बदलली की जात बदलली, असं साधारण धरता येतं.

योगायोग बघा. त्याच १९१७ साली मेयरिकने पेरू देशातल्या वांकायो गावाहून आलेल्या एका नर पतंगाला नाव दिलं : थॉरिमिया अ‍ॅब्सोल्युटा. एकच पतंग, डोंगरातला, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. हीच आपली टोमॅटोची टुटा. तिची गोष्ट थोड्या वेळाने.

चोर कोण, साक्षीदार कोण

टेक्सासमध्ये अळी सापडल्यावर सरकारने कडक उपाय केले. काही भागांत कापूस लावायलाच बंदी घातली. म्हणजे एका अळीच्या ओळखीवर अख्ख्या पट्ट्याचं पीक ठरत होतं. आणि नेमकी तिथेच अडचण होती. अमेरिकेच्या दक्षिण भागात आणखी एक गुलाबी अळी बोंडात सापडायची. पायरोडर्सिस रायलेई तिचं तेव्हाचं नाव. ही सडकं, आधीच फुटलेलं, बुरशी लागलेलं बोंड खाते, मक्याच्या जुन्या कणसात राहते. हिचं कूळही वेगळं. पण रंग गुलाबी, जागा बोंड. तपासनिसाने हिला बोंडअळी म्हटलं की शेतकऱ्याचं वर्ष गेलं. उलट, खऱ्या बोंडअळीला ही समजून सोडून दिलं की पुढच्या जिल्ह्याचं वर्ष गेलं.

१९२१ साली कार्ल हाइनरिच यांनी खास याच विषयावर लेख लिहिला : गुलाबी बोंडअळी म्हणून चुकीने ओळखल्या जाऊ शकतील अशा अळ्या कोणत्या. पोटाखालच्या मऊ पायांवर बारीक आकड्यांची मांडणी असते, अंगावरच्या केसांच्या जागा ठरलेल्या असतात, त्यावरून अळी पतंग व्हायच्या आधीच ओळखता येते. वर्गवारीचं शास्त्र कपाटातून उठून शेताच्या बांधावर आलं ते असं.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. क्वीन्सलँडमध्ये कापसाच्या बोंडात गुलाबी अळी होती. सगळे तिला आपलीच गुलाबी बोंडअळी समजत होते. १९२६ साली होल्डवे या संशोधकाने दाखवून दिलं, की ती तिची चुलत बहीण आहे, जात वेगळी. नाव पडलं स्कुटिजेरा. पुढे १९५८ मध्ये इयन कॉमन यांनी या प्रजातीची सगळी भावकी पुन्हा तपासली आणि एन्डेमा नावाची तिसरी जात वेगळी केली. भावंडं ऑस्ट्रेलियात सापडल्यामुळे काही अभ्यासकांनी असा तर्क मांडला, की या घराण्याचं मूळ गाव पूर्व हिंदी महासागराच्या काठावर, वायव्य ऑस्ट्रेलिया ते इंडोनेशिया-मलेशिया भागात असावं. मूळ गाव शोधायचं कशाला, असं कुणी म्हणेल. किडीचे जुने वैरी, तिच्यावर जगणाऱ्या गांधीलमाश्या, मित्रकीटक हे तिच्या मूळ गावात सापडायची शक्यता जास्त. सोयरीक जुळवताना गाव विचारतात तसंच आहे हे.

पुशाची कपाटं

आपल्याकडे काय चाललं होतं? बिहारमध्ये पुसा इथे १९०५ साली शेती संशोधन संस्था उभी राहिली. तिथले कीटकशास्त्रज्ञ हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९०९ मध्ये 'इंडियन इन्सेक्ट लाइफ' हा जाडजूड ग्रंथ काढला. त्यांच्यामागून आलेले टी. बेनब्रिज फ्लेचर यांनी एक मोलाचं काम केलं. नुसता दिव्याला आलेला पतंग धरून टाचणीला लावला नाही. पिकातून अळी आणायची, पाळायची, कोष होऊ द्यायचा, त्यातून पतंग काढायचा आणि मग तो मेयरिककडे नावासाठी पाठवायचा. १९२० साली त्यांचं हिंदुस्थानातल्या बारीक पतंगांच्या जीवनक्रमावरचं लिखाण प्रसिद्ध झालं.

मेयरिकला पंख दिसत होते, पण हा पतंग लहानपणी काय खातो हे दिसत नव्हतं. ते पुशाच्या बरण्यांमधून कळलं. नाव एकीकडून, पीक दुसरीकडून. दोन्ही जुळलं तेव्हा शेतकऱ्याच्या कामाची माहिती तयार झाली. १९३४ च्या भूकंपात पुशाच्या इमारती पडल्या आणि संस्था दिल्लीला हलली, पण नाव पुसाच राहिलं. तिथला कीटकसंग्रह आजही अशाच टाचण्यांवर उभा आहे.

त्याच काळातली आपल्या मुलखाची एक नोंद. बटाट्याचा पतंग, ऑपरक्युलेला, १९०६ साली इटलीहून आलेल्या बेण्याच्या बटाट्याबरोबर मुंबई इलाख्यात आला. तो आणि गुलाबी बोंडअळी एकाच कुळातले, गेलेकिडी. या कुळात आज साडेचार हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. मागच्या पंखाचं टोक बोटासारखं पुढे आलेलं आणि त्याखाली खाच, पंखाला झालर, तोंडापुढच्या दोन मिशा विळ्यासारख्या वर वळलेल्या. दिव्याखाली पडलेला पतंग पांढऱ्या कागदावर घ्या आणि दहापट भिंगातून बघा. विळे दिसतील.

टुटाची पाच आडनावं

आता पेरूच्या त्या एकट्या नराकडे. मेयरिकने त्याला थॉरिमियात बसवलं. त्यानंतर अभ्यासकांनी त्याला नोरिमोस्किमात नेलं, मग स्क्रोबिपॅल्पुलात, मग स्क्रोबिपॅल्पुलॉइडिसमध्ये, आणि १९९४ साली पोव्होल्नी यांनी टुटात. आपल्याकडे ती आली तेव्हा हेच आडनाव चालू होतं. २००६ मध्ये ती स्पेनमध्ये उतरली आणि २०१४ साली महाराष्ट्र-कर्नाटकाच्या टोमॅटोत दिसली. आणि २०२१ मध्ये चँग आणि मेट्झ या दोघांनी शरीररचनेचा नव्याने ताळा मांडून तिला परत थॉरिमियात बसवलं. १०४ वर्षं फिरून मुलगी माहेरी आली. भिंगवाल्या मास्तराचं पहिलं आडनावच खरं ठरलं, आणि ते ठरवायला वापरल्या गेल्या त्याला न आवडणाऱ्या रीती.

म्हणून एका कागदावर टुटा अ‍ॅब्सोल्युटा आणि दुसऱ्यावर थॉरिमिया अ‍ॅब्सोल्युटा दिसलं तर दोन किडी समजू नका. एकच आहे. आणि हे निव्वळ कागदी प्रकरणही नाही. टुटा आणि बटाट्याचा पतंग एका प्रजातीत आले याचा अर्थ दोघी जवळच्या नात्यातल्या आहेत. एकीवर काम करणारा मित्रकीटक दुसरीवर आधी तपासून बघावा, असा त्यातून इशारा मिळतो.

खरा घोटाळा आपल्या बोलीतल्या नावात आहे. टोमॅटोच्या पानात रेघ दिसली की आपण म्हणतो नागअळी. पण जुनी नागअळी ही माशीची अळी आहे, पतंगाची नाहीच. तिची रेघ बारीक, नागमोडी. टुटा पानात चट्ट्यासारखी जागा पोखरते आणि फळातही शिरते. माशीला पिवळे चिकट सापळे, टुटाच्या नराला कामगंध सापळा. टुटाचा कामगंध सापळा लावून माशीची वाट बघत बसलं तर दोष सापळ्याचा नाही.

'मायक्रो' हे कूळ नव्हे, पोतं आहे

पुस्तकात 'मायक्रोलेपिडॉप्टेरा' असा शब्द भेटतो. बारीक पतंग. त्यावरून हे सगळे एकमेकांचे सख्खे असावेत असं वाटतं. तसं नाही. हे एक पोतं आहे. मोठी फुलपाखरं आणि मोठे पतंग वेगळे काढल्यावर जे खाली उरलं ते यात भरलं. यात खोडात राहणाऱ्या अळ्यांचे चांगले जाडजूड पतंगही येतात आणि वांग्याची अळी ज्या गटात मोडते तो पायरॅलिसचा गट तर काही बाबतीत मोठ्या पतंगांच्या जास्त जवळचा आहे. आकारावरून नातं ठरत नाही. पोत्यात ज्वारी, तूर, मूग एकत्र असले म्हणून ते एक धान्य होत नाही.

आणि आता आपलं वावर

हे सगळं आपल्याला कुठे भिडतं ते सांगतो. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती हिरवी, अमेरिकन बोंडअळी, हेलिकोव्हर्पा. ती नॉक्ट्युइडी कुळातली, मोठ्या पतंगांपैकी. पहिली काही वर्षं दोन्ही बोंडअळ्या आटोक्यात राहिल्या आणि आपण दोघींना एकाच नावाने हाक मारायला लागलो : बोंडअळी.

पण दोघींचं घराणं वेगळं, आणि वागणूकही वेगळी. हिरवी अळी कापूस, तूर, हरभरा, टोमॅटो, सगळं खाते. बीटीच्या वावराशेजारी तूर असली की तिथे बीटी न खाल्लेल्या हिरव्या अळ्या वाढतात, त्यांचे पतंग बीटीतून वाचलेल्यांशी जुळतात आणि प्रतिकारशक्ती हळू वाढते. गुलाबी अळी जवळजवळ कापसावरच जगते, फार तर भेंडीसारख्या त्याच्या नातलगांवर. तुरीत तिला आसरा नाही. म्हणजे आश्रयपीक म्हणून तूर लावून हिरवीचं गणित सुटतं, गुलाबीचं नाही. तिला बिगर-बीटी कापूसच लागतो. आणि ते बियाणं आपल्यापैकी किती जणांनी लावलं, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावं.

त्यात फरदड. डिसेंबरनंतर पराटी उभी ठेवली की सरकीत झोपणाऱ्या या अळीला पुढच्या हंगामापर्यंत पूल मिळतो. २०१० मध्ये गुजरातेत पहिल्या बीटीला तिने दाद दिली नाही हे जाहीर झालं. दोन जनुकांचं बीजी-२ सुद्धा पुढे चालेना. २०१७ ला आपल्याकडे काय झालं ते सांगायला नको. बोंडं हिरवी, टपोरी, आणि फोडली की आत किडकी कवडी. त्याच हंगामात यवतमाळ भागात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर गेले. बोंडाच्या आत बसलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. अंडी घालण्याच्या आणि अळी बोंडात शिरण्याच्या मधल्या थोड्या वेळातच तो कामी येतो. अळी कोण आहे आणि कुठे बसली आहे हे कळलं असतं तर त्यातल्या कित्येक फवारण्या झाल्याच नसत्या, असं मला वाटतं.

उलट बाजूही आहे. ज्या टेक्सासमध्ये १९१७ ला हाहाकार झाला, त्या अमेरिकेने २०१८ साली आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी नाहीशी झाल्याचं जाहीर केलं. बीटी, कामगंध, वांझ पतंग सोडणं, पऱ्हाटी वेळेत नांगरणं, सगळं एकत्र आणि सगळ्या गावांनी मिळून. कामगंधाचं नेमकं रसायन, गॉसिप्लुअर, १९७३ साली ओळखलं गेलं. त्याच्या नावातही कापूसच आहे. कामगंध ही एका जातीची खाजगी बोली असते. गुलाबीची ल्युअर हिरवीला कळत नाही. म्हणून ल्युअर मागताना जात सांगावीच लागते.

खिशात ठेवायच्या गोष्टी

एक. फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं, म्हणजे डोमकळी, दिसलं की आधी तोडून उघडा. आत बारीक अळी असेल तर ती गुलाबीची. हेक्टरी पाच कामगंध सापळे ठेवा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग, किंवा शेकडा दहा डोमकळ्या, किंवा वीस हिरव्या बोंडांत दोन जिवंत अळ्या, यापैकी काही दिसलं तर उपाय करायची वेळ आली.

दोन. सडक्या, फुटलेल्या बोंडात गुलाबी अळी दिसली म्हणून लगेच घाबरू नका. शेजारचं निरोगी हिरवं बोंड फोडून बघा. साक्षीदाराला फाशी देऊ नका.

तीन. जुन्या बुलेटिनांत फार चांगली माहिती पडून आहे, फक्त नावं जुनी आहेत. प्लॅटीएड्रा गॉसिपिएला म्हणजे आजची पेक्टिनोफोरा. हेलिओथिस आर्मिजेरा म्हणजे हेलिकोव्हर्पा, हा बदल हार्डविक यांनी १९६५ मध्ये केला. कायलो झोनेलस म्हणजे ज्वारी-मक्याचा खोडकिडा कायलो पार्टेलस. प्लुटेला मॅक्युलिपेनिस म्हणजे कोबीची झायलोस्टेला. नोरिमोस्किमा ऑपरक्युलेला म्हणजे बटाट्याची थॉरिमिया. भुईमुगाची पानं पोखरणारी स्टोमोप्टेरिक्स म्हणजे अ‍ॅप्रोएरेमा मॉडिसेला, तीही गेलेकिडीच. जुनं नाव माहीत असलं की आजोबांच्या काळातला प्रयोगही वाचता येतो.

चार. मला फोटो पाठवताना अळीबरोबर पीक, पिकाचं वय, अळी नेमकी कुठे सापडली आणि जमलं तर तिचा पतंग, एवढं पाठवा. काचेच्या बरणीत बोंड ठेवून वर मलमलीचं फडकं बांधा, आठ-पंधरा दिवस थांबा. पुशात शंभर वर्षांपूर्वी हेच करत होते, आणि त्याला अजून चांगला पर्याय निघालेला नाही.

कृषी विद्यापीठातल्या आणि कृषी विज्ञान केंद्रातल्या मंडळींना एक विनंती. घडीपत्रिकेत नवीन नाव छापाल तेव्हा बाजूला जुनंही छापा आणि त्या भागातलं बोलीतलं नावही. आमच्या लोकांना लॅटिन जड जातं असं समजू नका. फवारणीच्या औषधांची याहून अवघड नावं आम्ही तोंडपाठ म्हणतो. ती शिकलो कारण त्यांचे पैसे मोजावे लागतात. अळीच्या नावाचेही मोजतोच, फक्त ते पावतीवर छापलेले नसतात.

ज्यांच्या पराट्या अजून उभ्या आहेत, त्यांनी या आठवड्यात रोटाव्हेटर सांगून ठेवा.